सूक्ष्म कण किती चिकटतो, केव्हा घरंगळतो : कोकणातील प्रयोगशाळेसाठी मोजणीचे मार्गदर्शन

किनाऱ्यालगतच्या गावांत छतावर बसवलेल्या सौर पॅनेलवर जांभ्याची तांबडी धूळ, समुद्रावरून आलेले मिठाचे कण आणि झाडांचे परागकण एकत्र साचतात, आणि खारा वारा कितीही जोराचा असला तरी ती धूळ पूर्णपणे उडून जात नाही. असा कण पृष्ठभागाला किती बलाने धरून बसतो आणि त्याला जागेवरून घरंगळवण्यास किती बल लागते, हे दोन प्रश्न वेगळे आहेत व त्यांची उत्तरेही वेगळी येतात. रत्नागिरी, मालवण, दापोली किंवा अलिबाग येथील महाविद्यालयात पदवी वा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ही मोजणी प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी हा लेख आहे. महागड्या उपकरणाची वाट न पाहता आरंभ करता येतो. फक्त मोजणीचा क्रम चुकवू नये.

बलांचा आवाका

प्रयोगापूर्वी कागदावर आकडे मांडावेत. १० मायक्रोमीटर व्यासाच्या काचेच्या गोळीचे वजन सुमारे १३ पिकोन्यूटन भरते. हीच गोळी गुळगुळीत पृष्ठभागावर टेकली, तर तिला सरळ वर ओढून सोडवण्यास किती बल लागेल याचे सूत्र जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांनी १९७१ मध्ये मांडले. आसंजन-कार्य, म्हणजे एकमेकांना चिकटलेले एक चौरस मीटर पृष्ठभाग विलग करण्यास लागणारी ऊर्जा, त्रिज्येने गुणावी, मग पायने (π) गुणावी आणि त्याची दीडपट करावी. आसंजन-कार्य ०.०५ जूल प्रति चौरस मीटर धरल्यास उत्तर येते १.२ मायक्रोन्यूटन, म्हणजे गोळीच्या वजनाच्या जवळजवळ लाखपट. काच उलटी धरली तरी बारीक धूळ का पडत नाही, याचे कारण या एका गुणोत्तरात आहे.

डेरयागिन, म्युलर आणि तोपोरोव यांच्या १९७५ च्या सिद्धांतात दीडपटीऐवजी दुप्पट येते. मऊ पदार्थ व मोठी गोळी असल्यास पहिले सूत्र, कठीण पदार्थ व लहान गोळी असल्यास दुसरे, असा ढोबळ नियम आहे. नवशिक्याने या निवडीवर फार काळ घालवू नये असे माझे मत आहे, कारण खऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा दोन्ही सूत्रांच्या उत्तराला सहज काही पटींनी, कधी दहापटींनीही, खाली आणतो आणि त्यापुढे दोन सूत्रांमधील एक-तृतीयांशाचा फरक नगण्य ठरतो.

आता घरंगळणे पाहू. गोळी टेकलेली असते तेथे पृष्ठभाग किंचित दबून एक गोल संपर्कक्षेत्र तयार होते. १० मायक्रोमीटर व्यासाच्या पॉलिस्टायरीनच्या गोळीसाठी त्याची त्रिज्या सुमारे ०.१७ मायक्रोमीटर असते, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकातून ते नीट दिसत नाही. गोळीला बाजूने ढकलले की पुढच्या कडेला नवा संपर्क जुळतो, परंतु मागची कड लगेच सुटत नाही. संपर्कक्षेत्र गोळीच्या केंद्राच्या तुलनेत किंचित सरकते आणि एक विरोधी आघूर्ण (टॉर्क) निर्माण होते. मागची कड सुटण्यापूर्वी संपर्क किती सरकू शकतो, त्या अंतराला येथे आपण ‘सरक-अंतर’ म्हणू. डॉमिनिक आणि टिलेन्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, गोळीच्या केंद्रावर लावलेले आडवे बल जेव्हा ‘सहा गुणिले पाय गुणिले आसंजन-कार्य गुणिले सरक-अंतर’ एवढे होते, तेव्हा गोळी घरंगळू लागते. सरक-अंतर १ नॅनोमीटर धरल्यास हे बल ०.९४ नॅनोन्यूटन येते. या दोघांचा मूळ विषय अंतराळातील धुळीचा होता, ही बाब मला नेहमीच गमतीची वाटते. पुढे १९९९ मध्ये हाइम, ब्लूम, प्रॉइस आणि बुट यांनी सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांवर प्रत्यक्ष मोजलेले घरंगळण्याचे बलही एका नॅनोन्यूटनच्या आतबाहेरच निघाले.

या सूत्रात त्रिज्या नाही, हे लक्षात घ्यावे. वर ओढण्याचे बल त्रिज्येबरोबर वाढते, घरंगळवण्याचे मात्र, सरक-अंतर तेच राहिले तर, वाढत नाही. आपल्या १० मायक्रोमीटरच्या गोळीसाठी दोन्ही बलांत हजारपटीहून अधिक अंतर आहे. गोळी घासत सरकवण्यास लागणारे बल ओढण्याच्या बलाच्या काही दशांश असते, म्हणून आडवे ढकललेली गोल वस्तू सरकण्यापूर्वी घरंगळते. ‘चिकटण्याचे बल’ असा एकच आकडा देऊन भागत नाही ते यामुळे.

पहिली पायरी : हवेतील पाणी ताब्यात घ्यावे

कोकणात ही पायरी वगळून केलेली कोणतीही मोजणी निरुपयोगी ठरते, आणि म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा. पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ९० टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत गोळी आणि काच यांच्यामधील चिंचोळ्या फटीत वाफ आपोआप सांद्रित होऊन पाण्याचा बारीक पूल तयार होतो. केल्व्हिनच्या समीकरणानुसार २५ अंश सेल्सियसला या पुलाच्या पृष्ठभागाची वक्रता-त्रिज्या ५० टक्के आर्द्रतेला पाऊण नॅनोमीटर, ७५ टक्क्यांना १.८ नॅनोमीटर आणि ९० टक्क्यांना सुमारे ५ नॅनोमीटर असते. पृष्ठभागाच्या खडबडीतपणाच्या मानाने पूल लहान असेल तोवर तो फक्त उंचवट्यांच्या टोकांशी राहतो. आर्द्रता वाढली की तो पसरतो आणि बल वाढत जाते. स्वच्छ, पाणी धरणाऱ्या काचेवर या बलाची कमाल मर्यादा ‘चार गुणिले पाय गुणिले त्रिज्या गुणिले पाण्याचा पृष्ठताण’ एवढी असते. १० मायक्रोमीटर व्यासाच्या गोळीसाठी ती ४.५ मायक्रोन्यूटन, म्हणजे वर काढलेल्या कोरड्या आकड्याच्या जवळजवळ चौपट आहे.

आर्द्रता नियंत्रित करण्यासाठी यंत्र लागत नाही. घट्ट झाकणाच्या डेसिकेटरच्या तळाशी विशिष्ट क्षाराचे संपृक्त द्रावण ठेवले की आतील हवा ठरावीक आर्द्रतेला स्थिर होते. २५ अंशांना मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के, पोटॅशियम कार्बोनेट ४३ टक्के, सोडियम क्लोराइड ७५ टक्के, पोटॅशियम क्लोराइड ८४ टक्के आणि पोटॅशियम सल्फेट ९७ टक्के आर्द्रता देते. द्रावणात न विरघळलेला क्षार तळाशी दिसत राहिला पाहिजे. तो संपला तर द्रावण संपृक्त राहिले नाही असे समजावे. मीठ प्रयोगशाळेच्या प्रतीचेच घ्यावे. शिरोड्याच्या किंवा पेणच्या बाजूच्या मिठागरातील मीठ कितीही पांढरे दिसले तरी त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि ते ७५ टक्क्यांच्या बरेच आधी पाझरू लागते. हीच द्रावणे वापरून स्वस्त डिजिटल आर्द्रतामापकही तपासून घ्यावा: ३३ आणि ७५ टक्क्यांच्या पात्रांत तो प्रत्येकी रात्रभर ठेवावा, दाखवलेला फरक लिहून ठेवावा आणि पुढील प्रत्येक नोंदीत ती दुरुस्ती करावी.

तापमानाकडेही तितकेच लक्ष हवे. २५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता असलेली बंद हवा ३० अंशांपर्यंत तापली, तर तीच आर्द्रता सुमारे ५६ टक्क्यांवर उतरते. दुपारी खिडकीशेजारी ठेवलेल्या डेसिकेटरवर विश्वास ठेवू नये.

दुसरी पायरी : पृष्ठभाग आणि गोळ्या

सुरुवात स्थानिक धुळीने करण्याचा मोह आवरावा. जांभ्याच्या खाणीतील धुळीचे कण ओबडधोबड असतात, एकाच कणाचे दोन-तीन बिंदू पृष्ठभागाला टेकतात, आणि वरील कोणतेही सूत्र त्यांना थेट लागू पडत नाही. प्रथम काचेच्या गोल गोळ्या घ्याव्यात. ५० ते १०० मायक्रोमीटर व्यासाचा, शक्य तितका अरुंद आकारगट निवडावा. पाकिटावरील आकार हा केवळ अंदाज समजून प्रत्येक मोजलेल्या गोळीचा व्यास स्टेज मायक्रोमीटरने प्रमाणित केलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, कारण वस्तुमान व्यासाच्या घनाबरोबर बदलते आणि व्यासातील ५ टक्क्यांची चूक वस्तुमानात १५ टक्क्यांची होते.

काचेची पट्टी प्रथम साबणाच्या सौम्य द्रावणाने, नंतर भरपूर ऊर्ध्वपातित पाण्याने आणि शेवटी इथेनॉलने धुवावी व ओव्हनमध्ये ११० अंशांना तासभर ठेवावी. गंधकाम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण काही प्रयोगशाळांत वापरतात. ते अत्यंत धोकादायक आहे आणि नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. धुतलेली पट्टी उघड्यावर ठेवू नये. किनाऱ्याजवळील हवेतून तिच्यावर क्षाराचे अदृश्य थर बसतात, आणि मग आपण काचेऐवजी मीठ मोजत राहतो.

गोळ्या मऊ कुंचल्याने किंवा जाळीवरून हलकेच भुरभुराव्यात, आणि त्या इतक्या विरळ असाव्यात की दोन गोळ्यांमध्ये किमान पाच-सहा व्यासांचे अंतर राहील. भुरभुरताना गोळ्यांवर विद्युतभार येतो आणि तो चिकटण्यात भर घालतो. दमट हवेत तो लवकर ओसरतो, कोरड्या पात्रात मात्र टिकून राहू शकतो. म्हणून सर्व नमुने आधी ७५ टक्क्यांच्या पात्रात काही तास, आणि मग ज्या आर्द्रतेला मोजायचे तेथे रात्रभर ठेवावेत. टेकून राहण्याचा काळ वाढला की चिकटणेही वाढते, यास्तव हा काळ प्रत्येक नमुन्यासाठी सारखाच असावा.

तिसरी पायरी : तिरकी पट्टी

घरंगळण्याची मोजणी याच साध्या प्रयोगाने सुरू करावी. १०० मायक्रोमीटर व्यासाच्या काचेच्या गोळीचे वजन १२.८ नॅनोन्यूटन असते. घरंगळवण्यास ०.९४ नॅनोन्यूटन लागणार असतील, तर पट्टी अवघी चार-साडेचार अंश कलताच गोळी सुटायला हवी. ५० मायक्रोमीटरच्या गोळीचे वजन १.६ नॅनोन्यूटन, म्हणून तिला सुमारे ३६ अंश लागतील. आणि ४० मायक्रोमीटरची गोळी पट्टी पूर्ण उभी केली तरी जागची हलणार नाही. ही तीन भाकिते प्रयोगवहीत आधी लिहून ठेवावीत व मग प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे.

पट्टी एका फळीवर घट्ट बसवावी आणि त्याच फळीवर यूएसबी सूक्ष्मदर्शक असा जोडावा की फळी कलली तरी दृश्य क्षेत्र बदलणार नाही. फळी स्क्रूच्या साहाय्याने सावकाश, दर अर्ध्या मिनिटाला एक अंश अशी उचलावी. कोन मोजायला मोबाइलमधील कोनमापक पुरतो. संपूर्ण मांडणी पारदर्शक पेटीत, क्षाराच्या द्रावणासह बंद असावी. पंखा बंद ठेवावा, हे वेगळे सांगण्याचे कारण असे की सेकंदाला केवळ १० सेंटीमीटर वेगाची झुळूक १०० मायक्रोमीटरच्या गोळीवर सुमारे ३ नॅनोन्यूटनचे बल लावते, आणि ते आपण मोजू पाहत असलेल्या बलाच्या तिप्पट आहे. पाण्याचा पंप किंवा जिन्यावरील वर्दळ यांच्या हादऱ्यांपासून वाचण्यासाठी फळीखाली रबराचे जाड तुकडे द्यावेत.

गोळी घरंगळली की घसरली, हे कसे ओळखावे? काचेच्या स्वस्त गोळ्यांमध्ये अनेकदा हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. खालून प्रकाश दिला की तो दिसतो, आणि गोळी हलताना त्याची जागा बदलली तर गोळी फिरली असे निश्चित म्हणता येते. इतरत्र दोष मानली जाणारी ही गोष्ट येथे कामाची आहे, तेव्हा बुडबुड्याच्या गोळ्या वेचून बाजूला ठेवाव्यात.

ज्या कोनाला गोळी हलली त्याची ज्या (साइन) घेऊन ती वजनाने गुणली की आडवे बल मिळते, आणि त्याला त्रिज्येने गुणले की आघूर्ण. किमान शंभर गोळ्यांची नोंद करून, कोणत्या कोनापर्यंत किती टक्के गोळ्या हलल्या याचा आलेख काढावा. कोकणच्या हवेत हे कोन भाकितापेक्षा बरेच मोठे आल्यास नवल नाही: पाण्याच्या पुलाची मागची कड काचेला धरून राहते आणि सरक-अंतर १ नॅनोमीटरपेक्षा पुष्कळ वाढते. म्हणून ३३, ७५ आणि ८४ टक्के अशा तीन आर्द्रतांना हाच आलेख पुन्हा काढावा. माझ्या दृष्टीने पदवी प्रकल्पासाठी एवढेही पुरेसे आहे.

चौथी पायरी : सेंट्रिफ्यूज

वर ओढण्याच्या बलासाठी गुरुत्व पुरत नाही. सेंट्रिफ्यूज मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि नमुना अक्षापासून १० सेंटीमीटरवर असेल, तर त्वरण गुरुत्वाच्या हजारपट मिळते. या वेगाला १० मायक्रोमीटरच्या गोळीवर केवळ १३ नॅनोन्यूटन येतात, १०० मायक्रोमीटरच्या गोळीवर मात्र १३ मायक्रोन्यूटन. तिचे सैद्धांतिक ओढ-बल ११.८ मायक्रोन्यूटन आहे, आणि खडबडीतपणामुळे खरे त्याहून कमी निघते. मोठ्या गोळ्या निवडण्याचा आग्रह याचसाठी होता. पाण्याचा पूल पूर्ण पसरला असेल तर याच गोळीसाठी ४५ मायक्रोन्यूटनपर्यंत जावे लागेल, म्हणजे मिनिटाला सुमारे ५६०० फेरे.

नळ्या आडव्या होणारा, म्हणजे झुलत्या बकेटांचा रोटर वापरावा. कोनात स्थिर असलेल्या रोटरमध्ये ओढण्याचे आणि ढकलण्याचे बल एकत्र मिसळते. काचेचा लहान तुकडा नळीत आडवा, गोळ्यांची बाजू नळीच्या तळाकडे करून ठेवला की गोळ्या सरळ ओढल्या जातात. तोच तुकडा नळीच्या लांबीच्या दिशेने उभा ठेवला की बल पृष्ठभागाला समांतर लागते, आणि तेथे १० ते ४० मायक्रोमीटरच्या, तिरक्या पट्टीवर न हललेल्या गोळ्यांचे घरंगळणे मोजता येते. काच फुटू नये म्हणून तिच्यामागे इपॉक्सीची सपाट बैठक ओतून घ्यावी, समोरासमोरच्या नळ्यांचे वजन तराजूवर जुळवावे आणि रोटरची कमाल वेगमर्यादा ओलांडू नये.

नळी डेसिकेटरमधील हवेतच घट्ट बंद करावी, प्रत्येक वेगाला एक मिनिट फिरवावे, बाहेर काढून त्याच जागेचे छायाचित्र घ्यावे आणि उरलेल्या गोळ्या इमेजजे या मोफत संगणकप्रणालीने मोजाव्यात. यंत्र चालू असताना आतला कक्ष तापतो. तेव्हा फेऱ्यांमध्ये विश्रांती द्यावी. अर्ध्या गोळ्या ज्या बलाला सुटतात ते बल मुख्य निष्कर्ष म्हणून द्यावे, आणि दहा व नव्वद टक्क्यांची बलेही सोबत द्यावीत, कारण एकाच पाकिटातील गोळ्यांमध्येही दहापट फरक आढळू शकतो.

पाचवी पायरी : एएफएम, आणि तेही शेवटी

एकेका कणावरील बल थेट मोजायचे तर अणुबल सूक्ष्मदर्शक, म्हणजे एएफएम लागतो. बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी तो १९८६ मध्ये तयार केला, आणि १९९१ मध्ये डकर, सेंडेन व पॅशली यांनी त्याच्या पातळ पट्टीच्या टोकाला सूक्ष्म गोळी चिकटवून बल मोजण्याची रीत दाखवली. त्यासाठी मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागेल आणि यंत्राचा वेळ मोजकाच मिळेल, म्हणून पट्टीची निवड घरूनच करून जावी. १.२ मायक्रोन्यूटनचे बल ०.१ न्यूटन प्रति मीटर कडकपणाच्या पट्टीला १२ मायक्रोमीटर वाकवेल, आणि तेवढे वाकणे यंत्राच्या मापनकक्षेबाहेर जाते. ५ न्यूटन प्रति मीटरची पट्टी २४० नॅनोमीटर वाकते व ते आरामात मोजता येते. छापील कडकपणा न मानता तो प्रत्येक वेळी औष्णिक कंपनांवरून काढावा.

चिकटवलेली गोळी घरंगळू शकत नाही, हे उघड असूनही अनेकदा विसरले जाते. घरंगळणे मोजण्यासाठी मोकळी गोळी पट्टीच्या टोकाने बाजूने ढकलावी लागते, तेही केंद्राच्या उंचीवर. आणि आडव्या बलाचे प्रमाणीकरण उभ्या बलापेक्षा कितीतरी अवघड असल्याने ते केंद्रातील अनुभवी तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. गोळीला डोलायला लावून तिच्या कंपनाच्या वारंवारितेवरून आसंजन-कार्य काढण्याची एक सुंदर रीत अमेरिकेतील क्लार्कसन विद्यापीठात चेतिनकाया यांच्या गटाने विकसित केली आहे, पण तिला लेझर कंपनमापक लागतो.

मिठाचा प्रश्न

गोल गोळ्यांवर हात बसल्यावर किनाऱ्याच्या खऱ्या प्रश्नाकडे वळावे. मिठाचा कण ७५ टक्के आर्द्रता ओलांडली की हवेतील पाणी शोषून विरघळतो, आणि आर्द्रता पुरेशी खाली गेली की पुन्हा स्फटिक बनतो. हे गोळीच्या बुडाशी घडले तर तेथे घन क्षाराचा सांधा तयार होतो, आणि मग जॉन्सन-केंडल-रॉबर्ट्स वगैरे सूत्रे बाजूला ठेवावी लागतात, कारण आता तुटायचा असतो तो स्फटिक. यासाठी काचेच्या पट्टीवर सोडियम क्लोराइडच्या अतिसौम्य द्रावणाचा फवारा मारून ती वाळवावी, वर १०० मायक्रोमीटरच्या गोळ्या भुरभुराव्यात, पट्टी एक रात्र ८४ टक्क्यांच्या आणि दुसरी रात्र ३३ टक्क्यांच्या पात्रात ठेवावी, व मग सेंट्रिफ्यूजमध्ये दोन्ही दिशांनी मोजावी. सोबत तीन तुलना हव्यात: फवाऱ्याविना तोच आर्द्रतेचा फेरा, फवारा असून फेरा नाही, आणि एकाऐवजी पाच फेरे. पाच फेऱ्यांचा नमुना सर्वांत शेवटी फिरवावा, कारण त्याला लागणारा वेग इतरांपेक्षा बराच जास्त असू शकतो, आणि काचेच्या बैठकीची कसोटी त्याआधीच कमी वेगांवर झालेली असावी.